सुट्टीत फासे टाकणारी मुले बिघडत नसतात

मे महिना लागला की आपल्या मोहल्ल्यात दोन प्रकारची पत्रके फिरू लागतात. एक दहावी-बारावीनंतरच्या क्रॅश कोर्सचे, दुसरे उन्हाळी दीनी शिबिराचे. दोन्ही आपापल्या जागी चांगलीच. पण हे दोन्ही करून उरलेला वेळ मुलांनी कुठे घालवायचा, याचे पत्रक कुणी काढत नाही. मग मुलगे नाक्यावर उभे राहतात किंवा मोबाइलमध्ये डोके घालतात. मुली घरात राहतात, फार तर मेहंदीच्या नाहीतर शिवणाच्या क्लासला जातात. सुट्टी म्हणजे काय आणि ती कशासाठी, याचा विचार समाज म्हणून आपण केलेलाच नाही.

पुण्या-मुंबईसारख्या शहरांत आता आणखी एक जागा तयार झाली आहे. बोर्डगेमची दुकाने आणि कॅफे. तिथे सुट्टीच्या दिवसांत कॉलेजवयीन मुले-मुली एका टेबलाभोवती चार-चार तास बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखे खेळ खेळतात. त्यांत आपल्यातलीही काही आहेत. संख्येने थोडी, पण आहेत. त्यांच्या घरांतून तीन प्रश्न हमखास येतात. फासे टाकणे हराम नाही का? जादू आणि देवदेवतांचा खेळ ईमानाला धोका नाही का? आणि आपल्यासारख्या मागे राहिलेल्या समाजातल्या मुलांनी सुट्टी खेळात घालवावी का?

हे प्रश्न विचारणारे आईवडील मुलांचे शत्रू नाहीत, त्यामुळे त्यांना टाळून चालणार नाही. माझे मत आधीच सांगते. हा खेळ आपल्या मुलांनी खेळावा, मुलींनी तर जरूर खेळावा, आणि दुकानात जाणे परवडत नसेल तर तो आपण आपल्या अभ्यासिकेत आणावा.

खेळ असतो तरी काय?

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे चार-पाच जणांनी एकत्र बसून, बोलत बोलत रचलेली गोष्ट. एक जण निवेदक असतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. निवेदक प्रसंग सांगतो, पात्रे काय करतात ते खेळणारे सांगतात, आणि जिथे यश-अपयश अनिश्चित असेल तिथे फासा टाकला जातो.

समजा गोष्ट मलिक अंबरच्या खडकीत, म्हणजे पुढे औरंगाबाद झालेल्या शहरात घडते. नहर-ए-अंबरीचे पाणी कुणीतरी अडवले आहे. एक मुलगी हबशी शिपाई आहे, एक मुलगा मराठा बारगीर, तिसरी दख्खनी शायरा, चौथा कोकणातला नाखवा. निवेदक म्हणतो, “भुयारात गुडघाभर पाणी आहे. पुढे कुणाचा तरी दिवा हलतोय. काय करता?” बारगीर तलवारीला हात घालतो. शायरा त्याला थांबवते, “थांब, मी महालातली नोकर असल्यासारखी हाक मारते.” निवेदक म्हणतो, “टाक वीस पैलूंचा फासा. तेरा किंवा जास्त आले तर त्याला खरे वाटेल.” येतात सात. दिवा विझतो. आता चौघांनी मिळून पुढचे ठरवायचे. या खेळात कुणी एक जिंकत नाही आणि कुणी बाद होऊन घरी जात नाही. चौघे एकत्र तरतात किंवा एकत्र अडकतात.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आणला. खेळ तिकडचा, पण त्यातला रस आपल्या घरात अनोळखी नाही. अमीर हमजाची दास्तान ऐकत आपल्या पूर्वजांनी रात्री जागवल्या. अकबराने तिची सुमारे चौदाशे चित्रे काढून घेतली. लखनौच्या नवल किशोर छापखान्याने तिचे ४६ खंड छापले. त्यातल्या अमर अय्यारकडे एक झंबील असते, म्हणजे अशी झोळी जिच्यात काहीही मावते. या अमेरिकी खेळातही हुबेहूब तशी एक जादूची पिशवी आहे. दिल्लीचे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ साली गेले आणि ती परंपरा जवळजवळ थांबली. २००५ पासून शम्सुर रहमान फारुकी आणि महमूद फारुकी यांच्या प्रयत्नाने ती पुन्हा रंगमंचावर आली. दास्तानीत एक सांगतो आणि बाकीचे ऐकतात. इथे ऐकणाऱ्यालाही गोष्ट वळवता येते, एवढाच फरक.

फाशांचा प्रश्न

हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. नर्द, म्हणजे फाशांचा एक जुना खेळ, याविरुद्ध कडक शब्दांतली हदीस आहे आणि बहुसंख्य जुन्या फकीहांनी पैज नसली तरी नर्द नाकारला आहे. बुद्धिबळाबाबत मात्र त्यांच्यात मतभेद झाले. आपले कोकणी मुस्लिम ज्या शाफई मजहबाचे, त्यात बुद्धिबळ हराम न मानता मकरूह मानले गेले. म्हणजे खेळाचे स्वरूप पाहून निर्णय वेगळा होऊ शकतो, हे जुन्या विद्वानांनाही मान्य होते.

मग या खेळाचे स्वरूप पाहू. कुरआनात सूरह माइदामध्ये जुगाराला मनाई आहे आणि लगेच पुढच्या आयतीत कारणही दिले आहे: त्यातून माणसामाणसांत वैर आणि द्वेष पेरला जातो, आणि अल्लाहची आठवण व नमाज सुटते. या टेबलावर पैसा लागत नाही. समोरच्याचे नुकसान झाले म्हणजे माझा फायदा, असे इथे काही नसते. नमाजेची वेळ झाली तर खेळ पंधरा मिनिटे थांबवता येतो आणि गोष्ट जिथे होती तिथेच राहते. कारण पाहून निर्णय घ्यायचा असेल तर निर्णय स्पष्ट आहे. आणि एखाद्याच्या मनाला फासा तरीही खटकत असेल तर त्याच्या मनाचा मान राखावा. एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घालून एक उचलली तरी खेळ तोच राहतो. १९७९ च्या सुमारास फाशांचा तुटवडा झाला तेव्हा या खेळाच्या कंपनीनेच पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या चकत्या घातल्या होत्या.

मला खरे आश्चर्य वेगळ्याच गोष्टीचे वाटते. ज्या घरांत वीस पैलूंच्या फाशावर वाद होतो, त्याच घरांतल्या मुलांच्या मोबाइलवर वर्षानुवर्षे क्रिकेटच्या टीम लावून पैसे लावण्याची अॅप होती. कुणी आवाज काढला नाही, कारण त्यांत फासा दिसत नव्हता. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. जुगार अॅपमध्ये लपून आला तेव्हा आपण त्याला ओळखले नाही आणि गोष्ट सांगणाऱ्या मुलांच्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याला मात्र घाबरलो.

जादू, देवता आणि ईमान

दुसरी भीती आपली एकट्याची नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ख्रिस्ती घरांनी अगदी हीच भीती अनुभवली. एका मुलाच्या आत्महत्येनंतर त्याच्या आईने या खेळाविरुद्ध संघटना उभी केली. हा खेळ मुलांना सैतानाकडे नेतो, असे चर्चमधून सांगितले गेले, टीव्हीवर कार्यक्रम झाले. त्या आईचे दुःख खरे होते, पण खेळामुळे मुले जीव देतात हा दावा तपासात टिकला नाही. त्या काळात खेळणारी मुले आज पन्नाशी-साठीत आहेत आणि त्यांची मुले तोच खेळ खेळत आहेत.

आपल्या परंपरेत याहून चांगले उदाहरण आहे. अबू दाऊदच्या संग्रहातल्या हदीसेत हजरत आयशा यांच्या बाहुल्यांचा प्रसंग येतो. त्या बाहुल्यांमध्ये पंख असलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे पैगंबरांनी विचारले. सुलेमानांच्या घोड्यांना पंख होते हे आपण ऐकले नाही का, असे त्यांनी उलट विचारले, आणि पैगंबर मनमोकळे हसले. कल्पनेचा घोडा पाहून रागावण्याऐवजी हसणारा पैगंबर ज्या समाजाला मिळाला, त्याने मुलांच्या कल्पनेला इतके घाबरू नये.

तरीही एखाद्याला पात्र म्हणूनसुद्धा दुसऱ्या देवाचा पुजारी व्हायचे नसेल, तर तसे सांगण्याची सोय या खेळात आहे. चांगले निवेदक खेळ सुरू होण्याआधी एक बैठक घेतात. गोष्टीत काय असावे, काय अजिबात नसावे, हे प्रत्येकाने सांगायचे आणि सगळ्यांनी पाळायचे. कुणी मूर्तिपूजेचा प्रसंग नको म्हणतो, कुणी दंगलीचे वर्णन नको म्हणतो, कुणी बलात्काराचा उल्लेखही नको म्हणतो. कारण विचारले जात नाही. आपल्या घरांत, जमातीत, कमिटीच्या बैठकीत किती वेळा असे आधी विचारले जाते?

जन्माने दुष्ट कोण?

हा खेळ आपल्यासाठी महत्त्वाचा का, याचे सगळ्यात मोठे कारण मला इथे दिसते. या खेळात ‘ऑर्क’ नावाची एक जमात आहे. नियमांच्या पुस्तकांत ती दीर्घकाळ दुष्ट म्हणून नोंदलेली होती. ऑर्क दिसला की मारायचा, त्याने काय केले हे विचारायचे नाही. कित्येक वर्षे मुलांनी तसेच खेळले. मग खेळणाऱ्यांनीच प्रश्न विचारायला सुरुवात केली: एखादी अख्खी जमात जन्मानेच दुष्ट कशी असेल? तिची वर्णने खऱ्या जगातल्या माणसांविषयी वापरल्या जाणाऱ्या भाषेसारखी का आहेत? जून २०२० मध्ये कंपनीने ही चूक जाहीरपणे मान्य केली आणि अशा जमातींचे चित्रण बदलायचे ठरवले. २०२४ च्या नव्या पुस्तकातून ‘वंश’ हा शब्दही गेला.

भाड्याचे घर शोधताना नाव ऐकून फोन ठेवला जाण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना या वादाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पण फक्त तक्रारदार म्हणून त्याकडे पाहणेही पुरेसे नाही. आपल्याही घरांत ‘ते लोक तसेच’ हे वाक्य चालते. कधी दुसऱ्या धर्माबद्दल, कधी दुसऱ्या मसलकाबद्दल, कधी आपल्यातल्याच खालच्या समजल्या गेलेल्या बिरादरीबद्दल. चार तास दुसऱ्याच्या कातडीत बसून निर्णय घेतलेल्या मुलाला ते वाक्य तितक्या सहज उच्चारता येत नाही, असे मला वाटते. मी स्वतः दोन सुट्ट्या अशा टेबलांवर काढल्या आहेत. एका दुकानात पात्रे वाटताना एकाने हसत मला सुचवले की लुटारू तूच हो, तुझ्या लोकांना जमेल. निवेदकाने, जो माझ्या धर्माचा नव्हता, खेळ तिथेच थांबवला आणि त्याला ते शब्द मागे घ्यायला लावले. बाकीचे शहर असे वागत नाही. पण असे वागण्याचा सराव कुठेतरी व्हावा लागतो, आणि तो व्याख्यानांतून होत नाही.

इथे एक कडू हकिकतही सांगायला हवी. या खेळांच्या अगदी पहिल्या पिढीत, १९७५ साली, ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ नावाचा खेळ आला. त्याचा कर्ता एम. ए. आर. बार्कर. जन्माने अमेरिकन. १९५१ मध्ये भारतात शिकायला आला असताना त्याने इस्लाम स्वीकारला. पुढे तो मिनेसोटा विद्यापीठात प्राध्यापक झाला, उर्दूचा मोठा अभ्यासक झाला. सहकाऱ्यांसोबत त्याने लिहिलेला उर्दूचा अभ्यासक्रम १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या खेळातले जग युरोपच्या नकलेवर उभे नव्हते. त्यात दक्षिण आशियाचा, मध्यपूर्वेचा, मेक्सिकोचा रंग होता. ‘बघा, या खेळाचा पायाही आपल्या माणसाने घातला’ असे म्हणायचा मोह कुणालाही होईल. पण २०२२ मध्ये त्याचा वारसा सांभाळणाऱ्या संस्थेनेच जाहीर केले की त्याने १९९१ साली टोपणनावाने एक नाझीधार्जिणी, ज्यूद्वेषी कादंबरी लिहिली होती.

‘आपला माणूस’ म्हणून बार्करचा झेंडा मिरवू नये आणि त्याचे काम दडवूही नये. इस्लाम स्वीकारला, उर्दू शिकली, अद्भुत जग रचले, आणि तरीही एका अख्ख्या समाजाला जन्माने दुष्ट ठरवणारी विचारसरणी त्याने उराशी बाळगली. द्वेषापासून नाव वाचवत नाही, भाषा वाचवत नाही, कल्पनाशक्तीही आपोआप वाचवत नाही. माणसाला दर वेळी, दर टेबलावर, स्वतःला तपासावे लागते. आपल्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये ज्यूंविषयी जे फिरते ते पुढे ढकलण्याआधी हे आठवले तरी पुष्कळ झाले.

मागे राहिलेल्या समाजाला खेळ परवडतो का?

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. आपल्या शिक्षणाची, नोकऱ्यांची, कर्जाची अवस्था त्यात आकड्यांनिशी मांडलेली आहे आणि ती गंभीर आहे. म्हणून काही जाणते लोक म्हणतात की आपल्या मुलांना एक तासही वाया घालवण्याची मुभा नाही. त्यांची कळकळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सुट्टीचा प्रत्येक तास क्लासमध्ये कोंबलेला मुलगा रात्री बारा ते तीन मोबाइलवर काढतोच. तो वेळ आपण मोजत नाही इतकेच.

हा खेळ खेळून नोकरी लागते, असा दावा मी करणार नाही. पण हा खेळ खेळताना नियमांचे जाड पुस्तक वाचावे लागते. अनोळखी माणसांसमोर तोंड उघडावे लागते. न पटणारा बेत बहुमताने ठरला तर तो मनापासून पार पाडावा लागतो. मुलाखतीत आणि ग्रुप डिस्कशनमध्ये आपली कितीतरी हुशार मुले नेमकी इथेच अडखळतात. आणि हे काहीच नसते, तरी मजा ही एक गरज आहे. गरीबाच्या मुलाला मजेचा हक्क नाही, हे कोणत्याही धर्मात किंवा संविधानात लिहिलेले नाही.

मुलींबाबत आणखी एक गोष्ट. नाका मुलांचा, मैदान मुलांचे, टपरी मुलांची. शहरात मुलीला चार तास विनाकारण बसता येईल अशी जागा मिळत नाही. गेम स्टोअरमध्ये ती काही प्रमाणात मिळते. पण तिथेही अडथळे आहेत. दुकान लांब, प्रवेशाचे पैसे, खाण्याचे दर वेगळे, काही कॅफेंत बिअर मिळते म्हणून घरून नकार, संध्याकाळी उशिरा संपणारा खेळ. या अडचणी खऱ्या आहेत. म्हणूनच दुकानाला पर्याय म्हणून आपल्या वस्तीत जागा उभी करावी लागेल.

या सुट्टीत काय करता येईल?

या खेळाला खर्च फारसा नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे मूळ नियम इंटरनेटवर मोफत आहेत, आणि जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने त्यांचा मोठा भाग कुणालाही वापरता, बदलता, भाषांतरित करता येईल अशा परवान्याखाली खुला केला. म्हणजे त्यांचे मराठी रूपांतर करून वाटायला कुणाची परवानगी लागत नाही, मूळ श्रेय दिले की झाले. फाशांचा एक संच सगळ्या टेबलाला पुरतो. कागद, पेन्सिली आणि चहा आपल्याकडे आहेतच.

जागाही आहेत. वाचनालये, अभ्यासिका, शाळांचे वर्ग मे महिन्यात रिकामे असतात. शादीखाना आठवड्याचे चार दिवस कुलूपबंद असतो. तिथे दुपारी दोन ते सहा एक टेबल मागा. वेळ दुपारची ठेवलीत तर मुलींना येणे सोपे जाईल. पहिल्या दिवशी एखाद्या आईला किंवा वडिलांना टेबलाशी बसवा, त्यांना खेळ दिसू द्या. निम्म्या खुर्च्या मुलींसाठी ठेवा. आणि एक खुर्ची मोहल्ल्याबाहेरच्या मित्रासाठी किंवा मैत्रिणीसाठी ठेवा, नाहीतर आपण आपल्याच भिंतींना नवा रंग देऊन बसू.

खेळ मराठीत खेळा. दुकानांत बहुतेक टेबले इंग्रजीत चालतात आणि त्यामुळे जिल्हा परिषदेच्या किंवा उर्दू शाळेतून आलेले मूल गप्प बसते. आपल्या घरातली दख्खनी, कोकणी, मराठी जशी मिसळते तशीच टेबलावर मिसळू द्या. गोष्टीसाठी ड्रॅगनच हवा असे नाही. अरबी समुद्रात उभा असलेला सिद्द्यांचा जंजिरा आहे. १६२४ ची भातवडीची लढाई आहे, ज्यात मलिक अंबरच्या बाजूने शहाजीराजे लढले. आपला इतिहास दोन छावण्यांत वाटून सांगणाऱ्यांची आज चलती आहे. तोच इतिहास एका टेबलाभोवती चार वेगवेगळ्या घरांतल्या मुलांनी मिळून खेळून पाहावा.

मोठ्यांना एवढीच विनंती की निर्णय ऐकीव गोष्टींवर घेऊ नका. एक दुपार मुलांच्या टेबलाशी बसा आणि मग ठरवा. तरुण दोस्तांनो, तुम्ही परवानगीची वाट पाहत सुट्टी संपवू नका. वाचनालयाच्या कमिटीला आजच अर्ज द्या, चार नावे गोळा करा आणि निवेदक कोण होणार ते ठरवा. पहिली गोष्ट अडखळतच सांगितली जाईल, तसे झाले तरी पुढच्या शनिवारची वेळ नक्की करूनच उठा.